शिवी न देणाऱ्यांचं काय?

अंतःकरणात जे भरलेलं असतं तेच तोंडातून बाहेर पडतं, हे बायबलच्या मत्तय 12 मधलं येशूचं वचन विश्वासणारे लोक कधी काढतात ते बघा. कोणी शिवी दिली की, नाहीतर रागात वेडंवाकडं बोललं की. मग जो शिवी देत नाही त्याचं हृदय आपोआप पास. मला हे कधी पटलंच नाही, कारण येशू हे ज्यांना बोलला ते परूशी होते, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी धर्मपुढारी, शिवराळ वगैरे अजिबात नव्हते, उलट तोंडात कायम शास्त्र. झालं काय होतं, तर येशूने एका आंधळ्या-मुक्या माणसाला बरं केलं, तो बोलायला लागला, त्याला दिसायला लागलं, आणि ह्यांनी काय म्हणावं, तर हा भुतांचा सरदार बालजबूल, त्याच्या मदतीने भुतं काढतो. त्यात एकही घाणेरडा शब्द नाही, ऐकायला तर धर्माची चर्चाच वाटेल, पण त्याच वाक्यावर येशू त्यांना सापाची पिल्लं म्हणाला.

खरं सांगू का, बायबलमधली दुष्ट माणसं बरेचदा गोडच बोलतात. यवाबाचंच घ्या. हा दावीद राजाचा सेनापती. दावीदाने त्याला काढून अमासाला सेनापती केलं, अमासा म्हणजे यवाबाचा सख्खा मावसभाऊ. गिबोनच्या मोठ्या दगडापाशी दोघं भेटले तेव्हा यवाब म्हणतो काय, भावा, बरा आहेस ना? आणि मुका घ्यायला उजव्या हाताने त्याची दाढी धरतो. दुसऱ्या हातातल्या तलवारीकडे अमासाचं लक्षच नव्हतं, एकाच घावात आतडी बाहेर (2 शमुवेल 20). केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि नुसते शब्द ऐकले तर त्यात नाव ठेवायला काहीच नाही.

यहूदा इस्कर्योत, येशूला पुढे धरून देणारा त्याचाच शिष्य, तो तर गरिबांबद्दल बोलला! मरीयेने येशूच्या पायांना महागडं सुगंधी तेल लावलं तेव्हा हा म्हणे, हे 300 दीनारांना विकून पैसे गरिबांना का नाही दिले. म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई, पॉइंट बरोबरच वाटतो ना? ही गोष्ट लिहिणारा योहान पुढच्याच वचनात सांगून टाकतो की ह्याला गरिबांची काही पडली नव्हती, पैशाची थैली ह्याच्याकडे असायची आणि हा त्यातलं काढून घ्यायचा. (अशी कळकळीची भाषणं आपणही ऐकलेली असतात, असो.)

आणि दावीदाचा मुलगा अबशालोम तर काही बोललाच नाही. त्याचा सावत्र भाऊ अम्नोन, त्याने तामारवर, म्हणजे अबशालोमच्या बहिणीवर, बलात्कार केल्यावर तो अम्नोनाशी बरं-वाईट एक शब्द बोलला नाही, 2 वर्षं गप्प, आणि मग मेंढरांची लोकर कातरायच्या वेळी जेवायला बोलावून त्याला मारून टाकलं. म्हणजे राग चूक होता असं नाही म्हणत मी, पण नुसतं गप्प बसलेला माणूस आतून शांत झालाय हे कशावरून?

मग ते वचन खोटं का? नाही. फक्त आपण तपासायची जागा चुकतोय. मार्क 7 मध्ये हृदयातून काय काय निघतं ती यादी आहे, त्यात निंदा आहे पण चोरी, खून, व्यभिचार, लोभ, कपट हेही आहे, म्हणजे हात आणि जीभ दोघांचं मूळ एकच. जीभ सांभाळता येते, निदान चारचौघांत तरी, ती अडली की तेच हातातून निघतं. येशू न्यायाच्या दिवशी प्रत्येक निरर्थक शब्दाचा हिशोब द्यावा लागेल म्हणतो ना, मला वाटतं ते ह्यासाठीच, कारण विचार करून बोललेलं वाक्य सजवता येतं, सहज तोंडातून सुटलेलं नाही.

आता दावीद. त्याला ह्या लोकांच्या रांगेत बसवायला जीवावर येतं पण बसवावं लागतं. आपल्याच सैन्यातल्या उरीयाच्या बायकोशी त्याने संबंध ठेवले, आणि ते लपवायला उरीयाला लढाईवरून बोलावून घेतलं, यवाब कसा आहे, लोक कसे आहेत, लढाई कशी चाललीय, सगळी विचारपूस केली, मागून भेटसुद्धा पाठवली. आणि नंतर त्याच्याच मरणाचं पत्र त्याच्याच हातात देऊन त्याला परत पाठवलं. पुढे नाथान संदेष्टा येऊन एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी मारली ती गोष्ट सांगतो, तर दावीद भडकून म्हणतो हा माणूस मरणदंडाला पात्र आहे, चौपट भरून द्यायला पाहिजे. न्याय अगदी बरोबर, राग पण खरा, नाटक नव्हतं ते, आणि तरी तो माणूस आपणच आहोत हे नाथानाने तोंडावर सांगेपर्यंत त्याला कळलं नाही. हृदय सगळ्यात कपटी असं यिर्मया संदेष्टा म्हणतो ते हेच, दुसऱ्याला फसवायच्या आधी ते आपल्या मालकालाच फसवतं.

त्यानंतरचं दावीदाचं पश्चात्तापाचं स्तोत्र 51 वाचताना क्रम बघा. इथून पुढे नीट बोलेन असं तो कुठेच म्हणत नाही. आधी 10व्या वचनात, देवा, माझ्यात शुद्ध हृदय उत्पन्न कर. माझे ओठ उघड हे येतं 15व्यात.