कॅक्टस प्रदर्शनाचा हॉल आणि माझा सव्वा पानी अर्ज

सरकारी हॉलसाठी अर्ज करायचा असेल तर चार ओळी लिहा. मी सव्वा पान लिहिलं. त्यापायी साडेतीन महिने गेले, नऊ फेऱ्या झाल्या आणि आम्ही ठरवलेली फेब्रुवारीतली तारीख कुणाच्या तरी लग्नाला गेली. अजून आठवलं की डोकं तापतं; निम्मं त्या कार्यालयावर, निम्मं स्वतःवर.

आमचा गट म्हणजे डिचोली, म्हापसा, फोंडा, साळगाव इथले पंचवीस-तीस काटेरी वेडे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) जमायचं, झाडांना आलेली पिल्लं एकमेकांत वाटायची, कुणी तरी ड्रॅगनफ्रूटच्या खोडावर कलम बांधून दाखवायचं आणि यजमानांची भजी संपवायची. सप्टेंबरातली बैठक ही आमची शोकसभा. जून ते सप्टेंबर गोव्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि वाळवंटातून आलेल्या झाडांनी तो कसा काढायचा हाच आमचा मुख्य अभ्यासक्रम आहे. वर पारदर्शक पत्रा, खाली वारा खेळता, मातीत कोकोपीट जवळजवळ नाही. चिऱ्यांचा चाळलेला चुरा, जाड रेती, कोळसा आणि थोडं शेणखत. तरीही दर वर्षी कुणाचं ना कुणाचं लाडकं झाड वरून हिरवंगार दिसता दिसता मुळाशी कुजून हातात येतं. म्हापशाच्या अ‍ॅडेनियमवाल्या बाईंनी एका पावसाळ्यात अकरा घालवली. त्या दिवशी भजीही नीट खपली नाहीत.

तर अशा गटाला एकदा वाटलं की लोकांना झाडं दाखवावीत. दोन दिवसांचं प्रदर्शन, थोडी विक्री. हॉल बघितला, आवडला, तारखा ठरल्या. गावाचं नाव लिहीत नाही, मला तिथे परत जायचं आहे. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि माझं अक्षर चांगलं आहे.

इथेच घोटाळा झाला. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यानं सरकारी कामात मराठीही चालते, म्हणून मी छान मराठीत अर्ज लिहिला. पहिल्या परिच्छेदात गटाची ओळख. दुसऱ्यात कॅक्टस आणि इतर सक्युलंट (पाणी साठवणारी मांसल झाडं) यांतला फरक: कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून फुटतात, आपल्या कुंपणावरच्या त्रिधारी निवडुंगाला ती गादी नसते, तो मोडला की पांढरा चीक येतो, म्हणून तो कॅक्टस नव्हे, युफोर्बिया. हॉलच्या अर्जात हे कशाला, असं मला एकदाही वाटलं नाही. आणि तिसऱ्या परिच्छेदात मी कळस चढवला. लिहिलं, की जवळजवळ अख्खं कॅक्टस कुळ १९७५ पासून सायटिस या वन्य जिवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, काही जाती त्याहून कडक परिशिष्ट १ मध्ये आहेत, रानातून चोरून उपटल्यामुळे त्यांतल्या अनेक धोक्यात आल्या आहेत, आणि म्हणून आमचे सदस्य फक्त रोपवाटिकेत वाढवलेलीच झाडं ठेवतात. मला वाटलं, वाचणाऱ्याला आमच्याबद्दल आदर वाटेल.

नोव्हेंबरच्या मध्याला अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला. (पोच घ्या. शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक तिन्ही दिसतील असा फोटोही काढून ठेवा. हे पुढे फार उपयोगी पडलं.) पंधरा दिवसांनी गेले तर अर्जावर पेन्सिलीनं एक ओळ होती: संबंधित खात्याचा ना हरकत दाखला जोडावा.

"संबंधित म्हणजे कुठलं?"

क्लार्क म्हणाला, "टीचर, तें तुमी पळोवपाचें." म्हणजे ते तुम्ही बघायचं.

आता झाडं म्हटल्यावर मी आधी शेतीशी संबंधित कार्यालयात गेले. त्यांनी आत बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "अनुदानासाठी का?" नाही म्हटल्यावर सगळा उत्साह ओसरला. हे काही पीक नव्हे, आमच्याकडे येत नाही, असं सांगून मला वाटेला लावलं.

मग रानाशी संबंधित कार्यालय. तिथे एक तरुण अधिकारी भेटला आणि खरं सांगते, या सगळ्या प्रकरणात विषय समजलेला तो एकटाच. त्यानं विचारलं, गोव्याच्या रानातून, सड्यांवरून काही उपटून आणलेलं नाही ना? कंदीलपुष्पं वगैरे? मी म्हटलं, नाही. मग त्यानंच मला सांगितलं की २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटिसच्या याद्या आपल्या वन्यजीव कायद्यात चौथी अनुसूची म्हणून आल्या आहेत, आणि परिशिष्ट १ मधल्या जाती वाढवणाऱ्यांना परवाना घ्यावा लागतो. म्हणजे एरिओकार्पस, अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरिअस असली मंडळी यादीतून काढा, बाकीच्या शोभेच्या झाडांना हॉलमध्ये मांडायला आमचा दाखला लागत नाही. मला हायसं वाटलं. म्हटलं, एवढंच एका कागदावर लिहून द्या.

तो म्हणाला, "बाई, लागतो असं लिहायचा नमुना आहे. लागत नाही असं लिहायचा नमुना नाही."

मी जवळजवळ तासभर तिथे बसले. चहा आला, प्यायले. त्यानं साहेबांना विचारलं, साहेबांनी त्यांच्या वरच्यांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. शेवटी त्याचाही नाइलाज झाला.

परत हॉलच्या कार्यालयात. "लागत नाही असं त्यांनी सांगितलंय."

"तोंडी चलना, टीचर. कागद जाय." म्हणजे कागद हवा.

"नाही लागत याचा कागद ते देत नाहीत."

"पळोवया."

हा 'पळोवया', म्हणजे 'बघूया', मी पुढचे दोन महिने ऐकला. सायब आयज ना. सायब मीटिंगेंत आसा. फाल्यां (उद्या) येयात. एकदा वीज नव्हती, एकदा फाईल आत होती आणि आतली किल्ली बाहेर गेलेली होती. डिचोलीहून दोन बस बदलून जायचं आणि बाहेरच्या बाकावर बसून आपल्याच आवक क्रमांकाची पावती न्याहाळत राहायचं. मी इतकी वर्षं मुलांना रांगेत उभं केलं, ते सगळं त्या बाकावर फेडलं.

बहुधा सहाव्या फेरीला क्लार्क फाईल उघडी टाकून झेरॉक्स काढायला गेला. उलटं वाचायची सवय शिक्षकांना असतेच. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या वहीत तसंच डोकावतो आपण. टिपणी इंग्रजीत होती आणि पहिल्याच ओळीत स्वच्छ लिहिलं होतं: 'एक्झिबिशन ऑफ डेंजरस प्लांट्स'.

धोक्यात आलेली झाडं मराठीतून इंग्रजीत जाताना धोकादायक झाली होती! म्हणजे एवढे दिवस साहेबांच्या टेबलावर प्रश्न होता तो हा, की सार्वजनिक सभागृहात धोकादायक वनस्पती ठेवू द्यायच्या का.

यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? शांतपणे एक शब्द दुरुस्त करून मागितला असता. मी साहेबांची भेट मागितली आणि त्यांना शिकवलं. धोक्यातील म्हणजे काय, सायटिस हा सीमेपलीकडच्या व्यापाराचा करार कसा आहे, माझी कुंडी फक्त डिचोलीहून येणार आहे. इतकंच नाही, नर्सरीत मिळणारा तो लाल गोळ्याचा कलमी कॅक्टस आणि सशाच्या कानांसारखा दिसणारा फड्या यांना त्या करारातही सूट आहे, हेही सांगितलं. साहेब ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "बाकीच्यांना सूट नाही, असंच ना?"

आणि वर: "काटा टोचला तर जबाबदारी कुणाची?"

जानेवारी संपला. आमची तारीख गेल्याचं मला क्लार्कनं नव्हे, मंडपवाल्यानं सांगितलं.

सुटका केली ती तिथल्या शिपायानं. तो माझा विद्यार्थी निघाला. सातवीत कायम शेवटच्या बाकावर, प्रयोगवही कधी पूर्ण नाही. बाहेर पायरीवर हळूच म्हणाला, "बाई, हो अर्ज फाटीं घेयात आनी नवो बरयात. 'शोभेचीं झाडां' इतलेंच बरयात." मी म्हटलं, अरे पण खरं काय ते... तो नुसता हसला. मीही गप्प बसले.

अर्ज मागे घ्यायलाही अर्ज लागतो, त्याला मूळ पोच जोडावी लागते, आणि मूळ पोच दिली की आपल्या हातात पुरावा उरत नाही. इथे तो फोटो कामाला आला. नवा अर्ज असा होता: आम्ही स्थानिक रहिवासी असून शोभेच्या कुंडीतील झाडांचे प्रदर्शन भरवू इच्छितो. तारीख. भाडे भरण्यास तयार आहोत. सही. नवव्या दिवशी मंजूर. मधल्या काळात कुठल्याही खात्याचं मत बदललेलं नव्हतं.

हां, एक राहिलं. 'प्रदर्शन' आणि 'प्रदर्शन व विक्री' यांचे दर वेगळे असतात. विक्री करणार असाल तर आधीच तसं लिहा. आयत्या वेळी कुणी येऊन बघितलं तर अनामत अडकते. आम्ही विक्रीही लिहिली, जास्तीचं भाडं भरलं, आणि पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ते वसूल झालं.

प्रदर्शन झालं एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारी. त्याबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण इथे थोडंच. सगळ्यात गर्दी मेलोकॅक्टससमोर. खरबुजासारखं अंग आणि वर लोकरीची, तांबूस काट्यांची टोपी. ही टोपी आली की खालचं अंग वाढायचं थांबतं, पुढे वाढते ती टोपीच, आणि फुलं-फळं तिच्यातूनच येतात. ब्राझील आणि कॅरिबियनच्या किनाऱ्यांवरची ही जात असल्यानं आपली दमट हवा तिला मानवते. गोव्यात नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं दगडासारख्या दिसणाऱ्या लिथॉप्सच्या मागे लागून पैसे घालवण्यापेक्षा हे घ्यावं, किंवा हावर्थिया, जिम्नोकॅलिशियम. सगळ्यात मोठा वाद झाला तो ब्रह्मकमळावरून. आपल्याकडे दारोदारी असलेलं, रात्री फुलणारं ते ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम, मेक्सिकोकडचा झाडावर वाढणारा कॅक्टस. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच. दोन आज्यांनी हे मानायला साफ नकार दिला. "आमी त्याची पूजा करतांव," एक जण म्हणाली, आणि मी, नुकतीच शहाणी झालेली, "बरोबर आहे" म्हणून पुढे गेले.

साहेबांचा काटाही खरा ठरला म्हणायचा. एका पोरानं त्या सशाच्या कानांवरून हात फिरवला. त्याला मोठे काटे नसतात, केसांसारखे बारीक झुबके असतात आणि ते शेकड्यांनी बोटात जातात. चोळायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढायची, चार-पाच वेळा. टेबलावर चिकटपट्टी ठेवाच. चिमटाही ठेवा. आणि असली झाडं हाताला लागणार नाहीत अशी मागच्या रांगेत मांडा. आम्ही पुढे मांडली होती, कारण ती गोंडस दिसतात.

झाडं नेताना प्रत्येक कुंडीवरची माती वर्तमानपत्राच्या बोळ्यानं दाबून घ्या, आणि दोन दिवस आधी पाणी बंद. कोरडी कुंडी हलकी असते, आणि हॉलची फरशी खराब झाली नाही की अनामतीवर बोलायला कुणाला जागा उरत नाही. रविवारी दुपारी वळवाची सर आली आणि निम्मा गट हॉल सोडून आपापल्या घरी फोन करत बसला, गच्चीवरच्या कुंड्या आत घ्या म्हणून.

अनामत मे महिन्यात परत मिळाली, एकाच फेरीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसानं कडा भिजलेलं एक पाकीट पोस्टानं आलं. त्यात लिहिलं होतं, की आपण संबंधित खात्याचा दाखला मुदतीत सादर न केल्याने डेंजरस प्लांट्सच्या प्रदर्शनाबाबतचा आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खाली साहेबांची सही आणि माझा तोच नोव्हेंबरातला आवक क्रमांक.