उभी शे ना ती, मंग काय?

घोडी मारवाडी, अबलख. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गाभण असताना घेतलेली. फाल्गुनात व्यायली आणि नवव्या दिवशी मालक तिला शिंगरासकट टेम्पोत घालून, घोड्याला लावायला, तापीकाठच्या फार्मवर हजर. डॉक्टर म्हणून मला बोलावलेलं.

घाई का, ते घोडेवाल्यांना सांगावं लागत नाही. घोडीचा गाभणकाळ अकरा महिन्यांचा. दरसाल शिंगरू हवं तर व्यायल्यावर महिनाभरात तिला गाभ राहायला हवा. व्यायल्यानंतर साधारण आठवड्याभरात पहिला माज येतो, तो सगळे पकडायला बघतात. त्या माजात गर्भाशय पुरतं आवरलेलं नसतं, गाभ राहायचं प्रमाणही कमी. मी आणखी एक माज थांबायला सांगतो. कोणी थांबत नाही.

ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा कागद मागितला तर दोन्ही मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घराण्याची चौकशी केली. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, जनावर बाधित निघालं तर कायद्याने मारावं लागतं. यात्रेत देवमण आणि अंगावरचे इतर शुभ-अशुभ भोवरे बोट लावून तपासणारी माणसं हा कागद मात्र विचारत नाहीत. शेवटी आदल्या महिन्यातले अहवाल दोघांकडेही निघाले, म्हणून पुढे गेलो.

फार्मवरचे म्हातारे मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे, सगळे त्यांना बाबा म्हणतात, या कामात माझे गुरू. घोडीचे मागचे नाल काढलेले, शेपटीला पट्टी बांधलेली, मागचा भाग कोमट पाण्याने धुतलेला. छातीएवढ्या भिंतीपलीकडे घोडा उभा करून बाबांनी घोडी दाखवली. माजावरची घोडी शेपूट बाजूला घेते, मागचे पाय फाकवते, थोडं थोडं मुतते, योनी उघडझाप करते. हिने शेपूट जरा उचललं, मुतलीही, पण लगेच कान मागे पाडून किंचाळली. बाबा म्हणाले, ''अर्धी शे. उद्या देखू.''

मालकाला उद्या टेम्पोचं भाडं पुन्हा पडणार होतं. ''पिळा घाला ना बाबा, उभी राहील.''

वरच्या ओठाला दोरीचा पिळा घातला की घोडी खरंच उभी राहते. डोळे अर्धे मिटते, मान खाली सोडते. बघणाऱ्याला वाटतं, झाली तयार. ती तयार झालेली नसते, काही मिनिटं सुन्न झालेली असते आणि त्यातून बाहेर येताना आगाऊ सूचना देत नाही. इंजेक्शन देताना मीही पिळा घालतो, तेव्हा काम मिनिटभराचं असतं. इथे मात्र तिच्या मागे चार-साडेचारशे किलोचा घोडा पुढच्या टापा उचलून येणार. मी नको म्हणालो. ''उभी शे ना ती, मंग काय?'' मालकाने स्वतःच पिळा आवळला.

बाबांनी मग एकच हट्ट धरला, ''तिले शिंगरू दिसू दे.'' शिंगरू घोडीच्या तोंडासमोर, एका पोराने धरलेलं. बाबा घोडीच्या डाव्या अंगाला, घोडा धरणाराही त्याच अंगाला. दोघे एकाच बाजूला हवेत, याचं कारण पुढच्या क्षणाला कळलं. मालकाच्या भाच्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायचा होता, शिंगरू मध्ये येत होतं. त्याने पोराला हाताने खुणावलं, पोरगं शिंगराला घेऊन मागे सरकलं. शिंगरू खिंकाळलं. घोडा तेव्हा उचललेलाच होता.

घोडीने दुगाणी झाडली. बाबांनी तिचं डोकं स्वतःकडे खेचलं, त्यासरशी तिचं ढुंगण पलीकडे फिरलं आणि टापा घोडा धरणाऱ्याच्या छातीऐवजी हवेत गेल्या. एक घोड्याच्या मांडीला आतून लागली. बोटभर पलीकडे बसली असती तर लिंगाला सूज आणि घोडा कायमचा बाद. थंड पाण्याची धार, सुजेचं इंजेक्शन, चार दिवस विश्रांती, एवढ्यावर निभावलं. घोडा धरणाऱ्याने कासरा हाताला गुंडाळला होता हे नंतर दिसलं. त्याला तिथेच झापला.

घोड्याच्या मालकाने औषधाचा खर्च घोडीवाल्याकडे मागितला, घोडीवाल्याने माझ्याकडे बोट केलं. लेखी काहीच नव्हतं, कधीच नसतं. घोडी लावायचे पैसे तेवढे आधी मोजून घेतात.

दोन दिवसांनी मालकाचा फोन. घोडी दुसरीकडे लावली, एकदम शांत उभी राहिली. पिळा घातला होता का, मी विचारलं. ''तो तं घालनाच पडस.''

मी त्या दिवशी तिचे कान पाहिले होते, त्यांनी पाय पाहिले. आता घोडी गाभण निघाली तर त्यांचंच बरोबर ठरणार, याचा मला मनस्ताप आहे. लावल्यापासून सोळाव्या दिवसाच्या आत सोनोग्राफीला आणायला सांगितलंय. जुळी असतील तर एक गर्भ तेवढ्या मुदतीतच नीट काढता येतो, पुढे दोन्ही जायची भीती. मुदत परवा संपते, अजून फोन नाही.