अटकेची कारणे, मराठीत

आमच्या तालुका कोर्टात रिमांडचं काम, म्हणजे अटक केलेल्याला कोठडीत ठेवायचं की नाही हे ठरवायचं काम, दुपारी तीननंतर निघतं. तोवर आरोपी व्हरांड्यात हवालदाराशेजारी बसलेला असतो. रिमांड वकिलाच्या, म्हणजे माझ्या हातात कागद पडतात ते पुकारा व्हायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी. ज्याला वकील नाही त्याच्या बाजूनं उभं राहायला तालुका विधी सेवा समितीनं मला नेमलंय. लोकांना वाटतं, इथे गुन्हा केला की नाही यावर वाद होत असेल. रिमांडला तो विषयच नसतो. पोलिसांनी पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी मागायची, मी विरोध करायचा, एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली की जामिनाचा अर्ज टाकायचा. एवढंच.

त्या दिवशीचा आरोपी मेळघाटातला कोरकू. अमरावती जिल्ह्यातल्याच एका संत्र्याच्या बागेत सालानं राहिलेला. बोअरच्या मोटारीची तांब्याची केबल चोरीला गेली, मालकानं फिर्याद दिली, संशय सालगड्यावर. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२), जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा.

तीन वर्षांच्या गुन्ह्यात मुळात अटक कशाला? सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करू नका, नोटीस देऊन बोलवा, हे सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून आम्ही घोकतोय. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ती नोटीस कलम ३५(३) मध्ये आहे. यावर ठाण्यांनी काढलेला तोडगा म्हणजे छापील चेकलिस्ट. आरोपी पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारावर दबाव आणेल. प्रत्येकापुढे टिक. सालगडी मालकावर दबाव कसा आणणार, हे टिक करणाऱ्याला कोण विचारणार?

माझा जीव मात्र दुसऱ्या कागदात असतो. घटनेच्या अनुच्छेद २२(१) प्रमाणे अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणं शक्य तितक्या लवकर कळवावी लागतात. मसुद्यातून ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे न्याय्य प्रक्रियेची हमी, वगळल्यावर घटना समितीत बरीच ओरड झाली होती. त्याची भरपाई म्हणून डॉ. आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ ला नवं कलम मांडलं, तेच पुढे अनुच्छेद २२ झालं. इतकी वर्षं ‘कारणे तोंडी सांगितली’ एवढ्या एका ओळीवर पोलिसांचं भागत होतं. मग २०२३ मध्ये पंकज बन्सल, २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार हे सुप्रीम कोर्टाचे निकाल आले. कारणं कळवली हे सिद्ध करायचं ओझं पोलिसांवर, हे विहान कुमारमध्ये स्पष्ट झालं. ६ नोव्हेंबर २०२५ च्या मिहीर शाह निकालानं उरलीसुरली पळवाट बुजवली. गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी द्यायची, आरोपीला समजेल त्या भाषेत द्यायची, आणि रिमांडसाठी हजर करायच्या किमान दोन तास आधी द्यायची. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. त्या खंडपीठावर आमच्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, म्हणून बाररूममध्ये त्याची जरा जास्तच चर्चा झाली. निकाल पूर्ण वाचलेले किती, ते सोडा.

तर तो कागद मी पाहिला. दीड पान, शुद्ध मराठीत, खाली अंगठा. ‘कारणांची प्रत मिळाली, समजली.’ वेळ १२.१०, ठिकाण पोलीस ठाणे. मेडिकलचे कागद मी नेहमी उलटून बघतो, तसे त्या दिवशीही बघितले. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडी चिठ्ठीवर तपासणीची वेळ १२.०५. ठाणं आणि रुग्णालय यांच्यात पंधरा किलोमीटरचा रस्ता, तोही उखडलेला. म्हणजे १२.१० ला हा माणूस ठाण्यात नव्हताच. कागद कधी दिला, देव जाणे. मुद्दा हातात आला होता आणि खरं सांगायचं तर मी खूश होतो.

पुकारा झाला. आमच्या न्यायाधीश मॅडम तरुण आहेत आणि रिमांडला वेळ घेतात. त्यावरून सिनियर मंडळी कुजबुजतात, पण माझ्या मते त्या पट्ट्यातल्या कोर्टांत हे काम नीट करणाऱ्या त्याच. त्यांनी ठरलेले प्रश्न विचारले. पोलिसांविरुद्ध काही तक्रार नाही ना? त्यानं मान हलवली. मारहाण केली का? पुन्हा तशीच मान. अटकेचं कारण सांगितलं का? तीच मान. एपीपी साहेब, म्हणजे सरकारी वकील, लगेच उठले: “मॅडम, आरोपीला हिंदी येतं, मालकाशी तो हिंदीतच बोलतो.” पाणी सोड, फवारणी कर, एवढ्या हिंदीवर मजुरी होते, दीड पान मराठीतलं ‘संगनमताने’ आणि ‘लबाडीच्या इराद्याने’ त्यात कसं मावणार?

मी मॅडमना विनंती केली की ‘सांगितलं का’ असं विचारू नका. कशासाठी आणलंय ते त्यालाच सांगू द्या. कोर्टातला एक शिपाई चिखलदऱ्याकडचा, त्याला कोरकू येतं. मॅडमनी त्याला पुढे बोलावलं. दोघं बोलायला लागले आणि आतापर्यंत नुसती मान हलवणारा तो माणूस हातवारे करून भडाभडा बोलू लागला. मग शिपाई आमच्याकडे वळला.

“मॅडम, थो म्हन्ते, मालकाचे वीस हजार उचल घेतले होते. साल पुरं न करता गावाले गेलो, म्हनून मालकानं धरून देलं.”

केबल? शिपायानं विचारलं. केबलचं त्याला काहीच माहीत नव्हतं. कोणती केबल, असं त्यानंच उलट विचारलं.

तपास अंमलदार म्हणाले, नाटक करतोय. करत असेलही. पण ते उत्तर ऐकताना माझ्या डोक्यात दिवा पेटला. फिर्यादीत उचल आणि साल यांचा शब्दही नव्हता. अडकलेल्या पैशांसाठी गड्यावर चोरी टाकणं आमच्या भागात नवं नाही, आणि बचावाची ही बाजू आरोपीच्या तोंडून निघाली ती केवळ त्याला त्याच्या भाषेत विचारलं म्हणून. बावीसाव्या अनुच्छेदात कारणं कळवणं आणि वकिलाचा सल्ला हे एकाच वाक्यात का आहेत, ते पुस्तकापेक्षा मला त्या पाच मिनिटांत जास्त समजलं.

मी दोन्ही मुद्दे मांडले, वेळेचा आणि भाषेचा. मॅडमनी रिमांड नाकारला, अटक बेकायदा ठरवून त्याला तिथेच मोकळं केलं. बाररूममध्ये चहा झाला, पाठीवर थाप पडली.

संध्याकाळी आदेशाची प्रत वाचली. ओपीडी चिठ्ठी, १२.०५, १२.१०, दोन तासांची अट पाळल्याचं सिद्ध झालं नाही, सगळं चोख. कोरकू हा शब्द कुठेच नव्हता. शिपाई नाही, उचल नाही, ‘कोणती केबल’ नाही. मॅडमचं चुकलं असं म्हणवत नाही. घड्याळाचा मुद्दा वरच्या कोर्टात टिकतो. भाषेचा घेतला असता तर कोरकूत कागद लिहिणार कोण आणि न वाचता येणाऱ्याला त्याचा उपयोग काय, या प्रश्नांत त्या अडकल्या असत्या. कोरकू घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत नाही. ठाण्यात दुभाषी नाही. तरीही तो आदेश मी अजून अधूनमधून काढून वाचतो आणि चिडतो, कारण त्यावरून पोलीस एकच धडा घेणार होते आणि तोच त्यांनी घेतला: त्या ठाण्याच्या कागदांवरच्या वेळा आता अगदी जुळतात. मजकूर मराठीच, अंगठा तसाच.

पोलिसांनी पुन्हा रिमांड मागितला नाही. त्यांनी ३५(३) ची नोटीस काढली, जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. हे मला कळलं तो माणूस बाजाराच्या दिवशी घडी घातलेला कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला तेव्हा. शिपायाला हाक मारली. तो विचारत होता, हे काय आहे? नोटीस मराठीत होती. ठाण्यात हजर राहायची तारीख उलटून दोन दिवस झाले होते, आणि नोटीस देऊनही हजर न राहणाऱ्याला कलम ३५(६) खाली अटक करता येते. समोरची फाईल तशीच ठेवून मी त्याला गाडीवर बसवलं आणि ठाणं गाठलं.