सगळं मोफत मिळतं, मग तुमचं दुकान कशाला?

बाहेरगावचे पाहुणे मला हे हमखास विचारतात. कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. पंचगंगा, कसबा बावडा, कदमवाडी, बापट कॅम्प, कुठल्याही स्मशानभूमीत न्या, शेणी (गोवऱ्या)-लाकूड मोफत. मग अंत्यविधीच्या साहित्याचं दुकान चालतं कशावर?

आजोबांचा धंदा बांबूचा. मांडवाला, छपराला बांबू न्यायला लोक यायचे, तसे ताटीलाही, म्हणजे तिरडीलाही यायचे. वडिलांनी, आण्णांनी, त्याच जागेत मडकी, पांढरं कापड, गुलाल, बुक्का, कापूर ठेवला. रात्री-अपरात्री हाक ऐकू यावी म्हणून ते कायम रस्त्याकडच्या खोलीत झोपले. आमची कमाई एवढ्याच सामानावर.

पण दारात आलेल्या माणसाला काय घ्यायचं तेच सुचत नसतं. "मातीचं सामान द्या," म्हणजे अंत्यविधीचं, एवढंच म्हणतो आणि उभा राहतो. मग विचारावं लागतं. लिंगायत असतील तर दफन, बसवून न्यायचं, विभूती लागते. सवाष्ण असेल तर हिरवी साडी, मळवट. हे विचारताना आवाज कसा ठेवायचा, ते मी मामांकडून शिकलो. मामा नात्यातले नव्हेत, आण्णांच्या काळापासून ताटी बांधतात. डॉक्टरांचा दाखला घेतला का, आधारची झेरॉक्स आहे का, हे तेच बघतात, कारण नोंदीपाशी घरच्यांना ताटकळायला लागू नये. लहान लेकराचं असेल तर ते पैसे घेऊ देत नाहीत. मी असेपर्यंत हा नियम मोडणार नाही.

आमचं काम घरापासून स्मशानाच्या दारापर्यंत. त्यापुढं महापालिकेची माणसं. शेणी रचणं, अग्नी नीट धरतोय का बघणं, घरचे परतले तरी थांबणं, रक्षाविसर्जन झालं की पुढच्यांसाठी जागा मोकळी करणं. कोरोनात नातेवाईक लांब उभे असताना चितेपाशी हीच माणसं होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा स्मशानभूमी पाण्याखाली गेली, तेव्हा इतर ठिकाणी सगळा भार त्यांच्यावरच आला. एवढं करून त्यांच्याशी दोन शब्द बोलणारं माणूस विरळा. मला हे फार लागतं.

आणि मोफत म्हणजे आपोआप नव्हे. पैसा महापालिकेचा, पण होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानभूमीला देणारी तालमी-मंडळं आहेत, दानपेटीत टाकणारी माणसं आहेत. आपल्या गावाची मला सर्वांत अभिमानाची गोष्ट कुठली विचाराल, तर हीच सांगेन. गरिबाच्या पोराला बापाच्या मातीसाठी कुणापुढं हात पसरावा लागत नाही.

तेव्हा विचारलंतच तर एक मागतो. यंदा होळीच्या शेणी दान करा, ट्रॉलीनं पाठवून न देता स्वतः घेऊन जा. तिथं ड्युटीवर असतील त्यांच्यासोबत चहा घ्या. पावसाळ्यात शेणी कोरड्या कशा ठेवतात, ते त्यांनाच विचारा.