बुधवारची पोलाद-फेरी: जुना बाजार ते भोसरी

250 मिमी लांब, 40 मिमी रुंद, 4 मिमी जाड. स्वयंपाकघरातली एक मध्यम सुरी मुठीतल्या भागासकट एवढ्या पट्टीत बसते आणि या पट्टीचं वजन भरतं 314 ग्रॅम. लोखंडाचा व्यापारी मात्र बार विकतो तो मीटरांच्या हिशेबात, पूर्ण लांबीचा. घरी छंद म्हणून सुऱ्या बनवायला थोडंसं पोलाद घेणाऱ्याची सगळी अडचण इथेच आहे. त्यावर मला पुण्यात सापडलेला उपाय म्हणजे बुधवारची एक फेरी.

बुधवारच का? मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, पण रविवारी बरेच व्यापारी दुकान उघडत नाहीत. दोन्हीकडे हमखास माल दिसणारा वार बुधवारच.

पिशवीत व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन), छोटा ताणकाटा, एक चांगली नवी कानस, लोहचुंबक, मार्कर आणि जाड हातमोजे घेतले. वजनाचं सूत्र मार्करने पिशवीवरच लिहिलेलं आहे: जाडी मिमी × रुंदी मिमी × लांबी मीटर × 0.00785 = किलो. गोल सळीसाठी व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरमागे किलो. 20 मिमीची सळी मीटरला 2.47 किलो भरते. हे तोंडपाठ असलं की तुकड्याची किंमत अंदाजाने सांगितली जातेय की वजनाने, ते लगेच कळतं.

जुन्या बाजारात, म्हणजे शाहीर अमर शेख चौकात, सकाळी नऊच्या आत पोहोचलेलं बरं. पथारीवर कानशी, बेअरिंगा, पान्हे, गाडीचे पाटे (स्प्रिंगच्या जाड पट्ट्या) असं सगळं एकत्र पडलेलं असतं. इथे मी तीनच गोष्टी शोधतो.

पहिली, जुनी मोठी कानस. बारा इंची, रुंद, दात झिजलेली चालते, गंजून खड्डे पडलेली नाही. चांगल्या कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो. पण स्वस्त कानशी आतून मऊ आणि फक्त वरून कडक केलेल्या असतात. ओळख सोपी आहे: घरी आल्यावर टोकाचा इंचभर तुकडा शिकंज्यात धरून हातोडीने मोडा. सगळी मोड, म्हणजे तुटलेली बाजू, एकसारखी, बारीक राखाडी दिसली तर कानस कामाची. कडेला पातळ वेगळी रेघ आणि आत वेगळा पोत दिसला तर ती बाजूला ठेवा. मोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कडक कानस काचेसारखी उडते.

दुसरी, ट्रकचे पाटे. आपल्याकडे गावचा लोहार पाट्याचाच कोयता करतो, आणि ते योग्यच आहे, कारण पाट्याचं पोलाद चिवट असतं. पण सुरीसाठी हिशेब मांडून बघा. 70 मिमी रुंद, 8 मिमी जाड पाट्याचा फूटभर तुकडा 1.3 किलोच्या पुढे जातो. तो सरळ करायचा, 4 मिमीपर्यंत ठोकून पातळ करायचा. भट्टी आणि घण नसेल तर हे भंगार महाग पडतं, कारण अर्ध्याहून जास्त पोलाद ग्राइंडरच्या बेल्टवर जातं. शिवाय वर्षानुवर्षं वाकून पाट्याला बारीक तडे गेलेले असतात. ते शोधायला पाटा घासून स्वच्छ करा, रात्रभर डिझेलमध्ये ठेवा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तड्यात शिरलेलं डिझेल पुडीतून रेघेसारखं वर येतं. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग तर मी घेतच नाही.

तिसरी, पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे धातू कापणाऱ्या यंत्रकरवतीचं, रुंद पातं. पूर्ण हायस्पीड स्टीलचं (तापलं तरी कडक राहणाऱ्या पोलादाचं) मिळालं तर भट्टीची गरजच नाही, नुसतं घासून सुरी होते. पण हल्लीच्या बऱ्याच पात्यांत दात तेवढे हायस्पीडचे आणि पाठ मऊ असते. बाजारातच पाठीवर कानस फिरवा. कानस घसरली तर पातं घ्या, तिने खरवड काढली तर सोडून द्या.

बांधकामाची सळई, जस्ताचा मुलामा असलेलं काहीही, क्रोम चढवलेले पान्हे यांना मी हात लावत नाही. जस्त तापलं की त्याचा धूर छातीला बाधतो.

तिथून रिक्षाने भवानी पेठेतलं टिंबर मार्केट गाठलं. वखारीतल्या आरायंत्राचं पातं तुटलं की त्याचे तुकडे उरतात. साधारण मिलिमीटरभर जाडीचं हे पोलाद फळं-भाज्यांच्या पातळ सुरीला फार उत्तम. बिनभट्टीचं वापरायचं असेल तर घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. कडेला निळा रंग चढला की तेवढी धार मऊ पडली. वखारीत सकाळी गडबड असते, थोडं थांबून विचारलं तर तुकडे दाखवतात.

स्वारगेटहून मेट्रोने थेट भोसरी. भोसरीसाठीचं स्टेशन नाशिक फाट्यावर आहे, एमआयडीसीत जायला पुढे रिक्षा लागते. जुन्या माहितीवर विसंबून कुदळवाडीत भंगार शोधायला जाऊ नका. महापालिकेने फेब्रुवारी 2025 मध्ये तिथली गोदामं मोठ्या प्रमाणावर पाडली.

भोसरीत टूलरूमना, म्हणजे डाय आणि पंच बनवणाऱ्यांना, पोलाद पुरवणारे व्यापारी आहेत. त्यांच्या दुकानात बँडसॉ असतो आणि त्याच्या शेजारी कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग. आपल्याला हवा तो ढीग, आणि त्यात ओएचएनएस, म्हणजे तेलात कडक होणारं पोलाद. "शेठ, ओएचएनएसचा कटपीस आहे का? पाच बाय चाळीसच्या जवळपासचा," असं नाव आणि माप घेऊन विचारा. "सुरीसाठी काहीतरी द्या" म्हटलं की हाती ईएन 8 नावाचं पोलाद पडतं. त्यात कार्बन 0.4 टक्क्याच्या आसपास, त्यामुळे शाफ्टला ते छान पण सुरीची धार त्यावर टिकत नाही.

घरच्या भट्टीसाठी माझी पहिली पसंती ओएचएनएस. कार्बन 0.9 टक्क्याच्या आसपास. चुंबक चिकटायचं थांबतं ते 770 अंशांच्या आसपास, त्याहून थोडं वर, 800 अंशांजवळ पातं पाच मिनिटं धरायचं आणि 50-60 अंश गरम तेलात बुडवायचं. मग 200 अंशांवर दोन तास टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवणं. ईएन 31 म्हणजे बेअरिंगचं पोलाद, तेही उत्तम, पण बहुधा गोल सळीत मिळतं आणि सळी चपटी करायला ठोकावी लागते. डी-2 नावाचं पोलाद घरी कडक करायच्या भानगडीत पडू नका. त्याला हजार अंशांच्या वर तापमान अचूक धरावं लागतं. ते घ्यायचंच तर जवळच्या व्हॅक्यूम हार्डनिंगवाल्याला (निर्वात भट्टीत पोलाद कडक करून देणाऱ्याला) आधी विचारा की डी-2ची बॅच कधी लागणार आहे. त्याचं किमान शुल्क एका सुरीला परवडत नाही, चार मित्रांची पाती एकत्र दिली तर परवडतं. पाती देताना भोकं पाडलेली हवीत आणि धारेची कड 0.6-0.8 मिमी जाड ठेवलेली हवी, नाहीतर ती वाकडी होऊन परत येते.

घेताना काळी (गरम लाटलेली, न घासलेली) पट्टी असेल तर हव्या जाडीपेक्षा मिलिमीटरभर जास्त घ्या. वरच्या थरातला कार्बन जळालेला असतो, तो दोन्ही बाजूंनी घासून काढावा लागतो. ग्राइंड केलेल्या पट्टीचा किलोचा भाव जास्त, पण बेल्ट आणि वेळ वाचतो. गॅसने कापलेला तुकडा असेल तर कापलेल्या कडेची 3 ते 5 मिमी पट्टी वाया धरा. बँडसॉवर 300 मिमीचे तुकडे करून घेतले की पिशवीत मावतात. 5 × 40 × 300 चे तीन तुकडे 1.4 किलो झाले. बिल पक्कं मागा, त्यावर ग्रेड लिहायला सांगा आणि 18 टक्के जीएसटी भावात धरलाय का ते आधीच विचारा. टोकाला मारलेल्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक दुकानाचे रंग वेगळे. काही जण पिस्तुलासारखं तपासणी यंत्र लावून दाखवतात. क्ष-किरणांवर चालणारं ते यंत्र क्रोमियम, मँगनीज सांगतं, कार्बन त्याला दिसत नाही.

म्हणून शेवटची परीक्षा घरी. प्रत्येक पट्टीचा बोटभर तुकडा कापला, चुंबक सुटेपर्यंत आणि जरा वर तापवला, तेलात बुडवला. कानस घसरली, म्हणजे तुकडा कडक झाला. मग मोडून पाहिला: मोड मखमलीसारखी बारीक असेल तर पोलाद आणि तापमान दोन्ही बरोबर, साखरेसारखे चमकते दाणे दिसले तर तापवणं जास्त झालं. कानसच चालली तर पोलाद चुकीचं आलंय, बिल घेऊन पुढच्या बुधवारी परत जायचं. तिन्ही तुकडे पास झाले. मुठीकडच्या टोकाला ग्रेड आणि तारीख पंचने ठोकली, तेलाचा हात फिरवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले.