तालमीच्या फळ्यापासून टेंबलाईच्या पायरीपर्यंत: कोल्हापूरच्या पेठा पायी फिरताना

कोल्हापुरात उतरलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, मिसळ खातो, रंकाळ्यावर संध्याकाळ काढतो आणि दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याला निघतो. हे सगळं करण्यासारखंच आहे. पण शहर कसं जगतं हे पाहायचं असेल तर मी जुन्या पेठांकडे बोट दाखवेन, आणि तिथं गेल्यावर आधी तालमीच्या दारातला फळा वाचायला सांगेन.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, शनिवार पेठ, कुठेही चाला, थोड्या थोड्या अंतरावर एक तालीम मंडळ लागतंच. दाराशी कट्टा आणि भिंतीवर काळा फळा. त्यावर खडूनं लिहिलेलं असतं: कुणाचं रक्षाविसर्जन किती वाजता, उद्या नळाला पाणी आहे की नाही, शाहू स्टेडियमवर सामना कुणाशी, गल्लीची टेंबलाईची (म्हणजे त्र्यंबोली देवीची) यात्रा कोणत्या वारी. पर्यटकांच्या माहितीपत्रकात यातलं काहीच नसतं. फळा वाचून झाला की कट्ट्यावर बसलेल्या वयस्कर माणसाला "काका, यात्रा कितीला निघणार?" एवढं विचारावं. वेळ तर कळतेच, बरोबर कुठं उभं राहायचं तेही कळतं.

आज बऱ्याच तालमींत कुस्तीची माती उरलेली नाही. गणपती, फुटबॉलचा संघ, व्यायामशाळा, रक्तदान आणि पुराच्या वेळची मदत हे त्यांचं काम आहे. माती पाहायची असेल तर भवानी मंडपाजवळची मोतीबाग किंवा गंगावेश तालीम गाठावी. १९६०चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर मोतीबागेत घडले, आणि २०२३चा महाराष्ट्र केसरी सिकंदर शेख गंगावेशचा.

तालमीत पहाटे जायचं. उजाडायच्या आत मेहनत सुरू होते आणि उन्हं वर येईपर्यंत पैलवान खुराक घेऊन आडवे झालेले असतात. दुसरी पाळी दुपारनंतर. चपला बाहेर काढायच्या, हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या, कडेवर पाय ठेवायचा नाही, आणि वस्तादांना विचारल्याशिवाय मोबाइल काढायचा नाही. काही तालमींत बायकांना आत येऊ देत नाहीत. म्हणून आधी विचारलेलं बरं, कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

हौद्यातली माती नुसती लाल माती नसते. चाळलेल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर आणि काव मुरवलेली असते. ताक आणि तेलानं ती मऊ राहते, हळद-कापरानं खरचटलेली जागा चिघळायची भीती कमी होते. रोज ती फावड्यानं खोलवर उकरून उलटावी लागते. दोन दिवस कुणी हात लावला नाही तर वरचा थर घट्ट बसतो, आणि त्यावर पाठ आपटली तर पैलवान महिनाभर घरी. पाणी कमी पडलं तर धुरळा नाकातोंडात जातो आणि कातडं सोलतं. जास्त झालं तर पाय सरकतो, अंगाला गोळे चिकटतात, पकड बसत नाही. म्हणून मुरलेला पैलवान उतरायच्या आधी मूठभर माती दाबून पाहतो. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटानं टोचताच फुटला, की माती लढतीला तयार.

बाहेर आल्यावर दूध प्यायला मिरजकर तिकटीला किंवा गंगावेशीत जावं. सकाळी आणि संध्याकाळी गवळी तिथं म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढून देतात. लांब, मागं वळलेल्या तलवारी शिंगांच्या पंढरपुरी म्हशींचा हा विशेष गुण आहे: एका वेळी सगळं दूध न सोडता त्या पेल्या-पेल्यानं पान्हा सोडतात. इतर बऱ्याच म्हशी अशा भर चौकात उभ्या राहिल्या तर दूध वर चढवतील. तरी म्हैस शेवटी म्हैसच. घोळका तिच्या तोंडासमोर आला, कुणी फ्लॅश मारला किंवा शेजारी कर्कश हॉर्न वाजला की ती पान्हा चोरते आणि गवळ्याची पंचाईत होते. गिऱ्हाइकानं गवळ्याच्या बाजूला उभं राहावं, शिंगांच्या पट्ट्यात नव्हे. पेला हातात आला की अर्धा फेसच दिसतो. तो बसू द्यावा आणि मग कोमट असतानाच प्यावं. हे कच्चं दूध आहे. सवय नसलेल्यानं अर्ध्या पेल्यावर थांबावं. लहान मुलं, गरोदर बायका आणि पोट नाजूक असलेल्यांनी ते न पिता घरी नेऊन तापवावं. याच म्हशी दिवाळीच्या पाडव्याला रंगवलेली शिंगं, मोरपिसं आणि घुंगरांच्या माळा घालून मिरवतात आणि मालकाच्या दुचाकीमागं पळतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहायचं असेल तर पोरांना पुढं सोडू नका.

मिरजकर तिकटीपासून जवळच खासबाग मैदान. शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ साली खुलं झालं. बशीसारखं उतरतं असल्यानं मागच्या माणसालाही आखाडा नीट दिसतो. लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत जळालं तेव्हा पेठेतली माणसं रात्रभर रस्त्यावर उभी होती. पुढं मंगळवार पेठेत साठमारी आहे. हत्तीच्या झुंजीसाठी दगडी भिंतींचं हे आवार बांधलं, आणि भिंतींना माणसापुरत्या फटी ठेवल्या. हत्ती अंगावर आला की त्याच्याशी झुंजणारा माणूस, म्हणजे साठमार, त्यातून पलीकडं निसटायचा. बिनखांबी गणेश, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गुजरी आणि चप्पल लाइन इथं गाडी घेऊन जाऊच नये. मिरजकर तिकटीवरून पंचगंगेच्या घाटापर्यंत न थांबता चाललं तर अर्ध्या तासाची वाट आहे, आणि सणाच्या दिवसात चारचाकीला त्याहून जास्त वेळ लागतो.

आता आषाढ. वर्षातल्या सगळ्या दिवसांतून एकच काळ निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन, कारण नवरात्र आणि दसऱ्याला बाहेरची गर्दी असते आणि आषाढातली त्र्यंबोली यात्रा पूर्णपणे गल्लीची असते. पावसानं पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी आणि शुक्रवारी गल्ल्यागल्ल्यांतून बायका आणि मुली कलश घेऊन घाटावर जातात, पाणी भरतात आणि वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन देवीच्या पायरीवर ओततात. नदी शहराच्या पश्चिमेला, टेकडी पूर्वेला. म्हणजे डोक्यावर कलश घेऊन अख्खं शहर ओलांडायचं. पुढं पी-ढबाक वाजंत्रीचा ठेका चालू असतो, आणि एकदा तो कानात बसला की दोन दिवस जात नाही.

कलशाला हळदी-कुंकवाची बोटं, तोंडाला कडुलिंबाचे डहाळे, डोक्यावर चुंबळ. चुंबळ सैल असली की सगळं बिघडतं. सुती कापड ओलं करून पिळायचं, घट्ट वळायचं आणि शेवटचं टोक आत खोचायचं. कोरडं कापड केसांवरून घसरतं. कलश गळ्यापर्यंतच भरायचा. काठोकाठ भरला तर चालताना हिंदकळून साडी भिजते आणि टेकडीपर्यंत पाणी निम्मं होतं, आणि अर्धा ठेवला तर पाणी आतल्या आत डुचमळून तोल जातो. डहाळ्यांचा उपयोगही दिसण्यापुरता नाही, पानांमुळं पाणी उसळत नाही. थोरल्या बाया मुलींच्या मागं चालतात ते याच कामासाठी: कुणाची चुंबळ सुटते, कुणाचा पाय घसरतो, कुणाला पाणी प्यायला हवं.

पाहायला येणाऱ्यानं घाटावर सकाळी पोचावं, पण आधी नदीची पातळी बघावी. राजाराम बंधाऱ्याची पातळी कोल्हापुरात पावसाळ्यात घराघरात तोंडपाठ असते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोक्याची. त्याच्या कितीतरी आधी पाणी पात्राबाहेर येतं, घाटाच्या पायऱ्या आणि लहान देवळं बुडतात. अशा वेळी गल्लीवाले जिथं पाणी सुरक्षित मिळेल तिथून भरतात. पाहुण्यानं पायऱ्यांवर उतरायचा हट्ट धरू नये. शेवाळानं दगड निसरडे झालेले असतात आणि पाण्याची ओढ वरून कळत नाही. मिरवणुकीत चालायचं असेल तर मागच्या बाजूनं चालावं, कलशवाल्यांच्या रांगेत शिरू नये. छत्रीपेक्षा इरलं किंवा रेनकोट बरा, छत्रीची टोकं शेजारच्याच्या कलशाला लागतात.

संध्याकाळी गल्लीत मटण शिजतं. यात्रेच्या दिवशी कोणाच्या घरी बोलावणं आलं तर नाही म्हणू नये आणि वाटी पुढं करताना लाजू नये. तांबडा-पांढरा पुन्हा पुन्हा मागून घेतला की घरची माणसं खूश होतात. दोन्ही रश्श्यांचा पाया एकच, अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून कोरडंच परतायचं, सुटलेलं पाणी आटलं की गरम पाणी घालून शिजवायचं. गार पाणी ओतलं तर मटण वातड होतं. किलोभर मटणाला साधारण दोन लिटर पाणी घातलं की दोन्ही रश्श्यांपुरती अळणी निघते. पांढऱ्यासाठी एका मोठ्या नारळाचं घट्ट दूध, तीळ, खसखस आणि काजूची बारीक वाटलेली गोळी, तुपात दालचिनी-लवंग-वेलदोडे. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आच अगदी मंद, आणि डाव सतत फिरता. उकळी फुटली की रस्सा फाटतो आणि मग काही केलं तरी जुळून येत नाही. तांबड्याची सगळी मदार चटणीवर.

चटणी म्हणजे वर्षभराची कांदा-लसूण चटणी, आणि ती होते उन्हाळ्यात. मार्च ते मे पेठेतून चालताना डंकाजवळ, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीजवळ, आलात की शिंका सुरू होतात. तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी. घरोघरी प्रमाण वेगळं, तरी किलोभर मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला आणि मीठ असा साधारण हिशेब असतो. चटणी खराब होते ती बहुतेक वेळा कांद्यानं. कांदा उभा चिरून आधी उन्हात वाळवला नाही, किंवा तळताना आत ओल राहिली, तर श्रावणात बरणीच्या तोंडाशी बुरशी धरते. मिरची दोन-तीन दिवस कडक उन्हात तापवून देठ काढलेली हवी. मऊ मिरची डंकात चिकटते आणि पूड जाडसर राहते. डंकावर सकाळी लवकर नंबर लावावा. दुपारनंतर कांडलेली चटणी गरम असते, आणि ती तशीच डब्यात दाबली की घाम येऊन गोळे होतात.

मोहरम आणि गणपती हे तालमींचे दोन मोठे उत्सव. बऱ्याच तालमींत पंजे बसतात आणि गणपतीही बसतो, बसवणारी माणसं तीच. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो. २०१८ ते २०२० या काळात तो गणेशोत्सवात आला तेव्हा काही तालमींत दोन्ही एकाच छताखाली होते. कुणालाही त्याचं वेगळं काही वाटलं नाही, आणि ही गोष्ट या शहराबद्दल मला फार मोलाची वाटते. बाबूजमाल दर्ग्याच्या दरवाजावर गणपती कोरलेला आहे, तो जाता-येता जरूर पाहावा. पंजे पाहायला रात्री जायचं. विसर्जन मिरवणूक मात्र सकाळीच पाहून घ्यावी. मानाचा पहिला गणपती तुकाराम माळी तालमीचा, आणि तो निघाला की पुढची मंडळं मिरजकर तिकटीवरून महाद्वारात शिरतात. अंधार पडल्यावर महाद्वार रोड ते पापाची तिकटी या पट्ट्यात मुंगीला जागा नसते. लहान मुलं बरोबर असतील तर दुपारीच बाहेर पडावं.

हिवाळ्यात आलात तर शाहू स्टेडियम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, हे संघ म्हणजे पेठा आणि तालमीच. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. सामने दुपारी होतात, वेळ फळ्यावर मिळते. तिकीट काढताना विचारून घ्यावं की कोणत्या बाजूला कोणत्या पेठेचे समर्थक बसतात, आणि कुठल्याच संघाच्या रंगाचा शर्ट घालू नये. पाटाकडील आणि दिलबहारसारखी लढत असली की शेवटच्या पाच मिनिटांत वातावरण तापतं. निकाल एका बाजूला झुकला असेल तर शिट्टी व्हायच्या आधी दारापाशी यावं, गाडी स्टेडियमपासून दोन चौक लांब लावावी, आणि चहा घ्यायचा तो जिंकलेल्या पेठेत जाऊन. हरलेल्या पेठेच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी पंचाचा विषय काढू नये.