दोन भाऊ, एक खांदा: टेराकोटा अपडेट

जोड-मूर्ती सरकली एकदाची पुढे. फूटभर उंची, लाल माती, त्यात ग्रॉग म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा. मोठा भाऊ आधीच उभा होता, धाकटा आत्ता झाला, आता धाकट्याचा हात मोठ्याच्या खांद्यावर बसवायचा.

पण नागपूरचा मे आहे, मोठा भराभर सुकून राहिला, खांद्याचा रंग पार फिकट. ओला हात अशा खांद्यावर चिकटतो बरं का, संध्याकाळपर्यंत झकास दिसतो, मग हात सुकताना आकसतो, खांद्याचं आकसणं आधीच उरकलेलं, की पडली मधे चीर, मातीचा पातळ घोळ कितीही थापा. म्हणून खांद्यावर ओलं फडकं, वरून पन्नी, आणि हात तेवढा वेळ उघडा. दोन्हीकडे नख रुतायला लागलं पण माती बोटाला लागेना, तेव्हा दोन्ही बाजू काट्याने आडव्याउभ्या खरवडल्या, घोळ लावला, हात थोडा हलवत हलवत दाबला, आत हवा राहू दिली नाही.

आमच्या घरी बाबा आणि मोठ्या काकांचं शेतावरून बिनसलंय. दर दिवाळीला कोणीतरी दोघांना शेजारी जेवायला बसवतं, बाबा रडायच्या बेतात, काका कोरडे ठणठणीत, सगळे म्हणतात जुळलं, आणि होळीच्या आत पुन्हा तेच. अहो, काकांकडे आधी चार दिवस कोणी नुसतं जाऊन बसा ना, शेताचा विषय न काढता, आणि बाबांनाही जरा हवेवर ठेवा! पण घरात माझं ऐकतंय कोण.

आत तार का नाही घातली? कारण माती आकसते, तार नाही आकसत, मग माती तडकते. चितार ओळीत, म्हणजे नागपुरातल्या मूर्तिकारांच्या गल्लीत, दुर्गेच्या मोठ्या मूर्तींना आत तणस असतं सुतळीने बांधलेलं, ते थोडं दबतं तरी. (तत्त्वाचा माणूस म्हणतात तो तारच असतो, असो.) मी हाताखाली पेपरचे बोळे दिलेत, ते भट्टीत जळून जातील.

आता सावलीत, पन्नी सैल करून, सावकाश सुकवणं. भट्टी १०० अंशांपर्यंत अगदी हळू चढवायची, नाहीतर आतल्या वाफेने मूर्ती फुटते, आणि ५७३ ला मातीतला क्वार्ट्ज म्हणजे गारगोटीचा अंश फुगतो तिथेही घाई नाही, उतरतानाही नाही. कच्ची आहे तोवर भिजवून परत चिखल करता येतो, भाजल्यावर नाही, म्हणून खांदा रोज तपासून राहिलो. नागपूरच्या आसपास कोणाकडे इलेक्ट्रिक भट्टी असेल तर सांगा, आत सव्वा फूट उंची पाहिजे, भाडं देईन.